दहावर धरा

एम. आर्क.च्या पहिल्या दिवशी इंगोले सर वर्गात आले तेव्हा आम्ही अकराजण उठून उभे राहिलो होतो. पन्नाशीचा माणूस, केस मागे सरकलेले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्याला ड्रॉइंग ठेवायची लांब नळी. असा माणूस दारातून आत आला म्हणजे तो शिकवायलाच आला असणार, असं आम्ही धरून चाललो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आपल्या मागून आणखी कुणी येतंय का तेही वळून पाहिलं आणि म्हणाले, "बसा नं बाप्पा. मी बी शिकायलेच आलो." मग ते शेवटच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांच्या शेजारची खुर्ची पुढची दोन वर्षं बहुतेक रिकामीच असायची.

ओळख करून देताना आम्ही प्रत्येकाने तोंड भरून काहीतरी सांगितलं. मला शाश्वत वास्तुरचनेत काम करायचं होतं, असं मी म्हणाले. त्याचा अर्थ मला आजही नीटसा सांगता येणार नाही. इंगोले सरांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले. "अमरावतीला एका कॉलेजात बावीस वर्षं शिकवतो. आता नियम असा निघाला की ज्याच्याकडे पदव्युत्तर पदवी नाही त्याला शिकवता येणार नाही. कॉलेजनं दोन वर्षांची रजा दिली. दोन वर्षांनी जूनमध्ये पदवी घेऊन गेलो तर माझं टेबल माझं, नाही तर दुसऱ्याचं. म्हणून आलो." एवढं सांगून ते बसले. पुण्यात एवढं सरळ बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नसतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याही जरा उशिराच.

त्यांना 'सर' म्हणायचं की नाही हा प्रश्न सुटला तो कविता मॅडममुळे. कविता मॅडम त्यांच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक होत्या आणि पंधरा वर्षांपूर्वी अमरावतीला त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. सगळ्यांसमोर ड्रॉइंग तपासताना त्या म्हणायच्या, "सर, इथे तुमचं चुकलंय." सर मान हलवायचे, "हो मॅडम." एकदा मॅडमनी शीट खूपच लालेलाल केली आणि मग त्यांचं त्यांनाच कसंनुसं झालं. "सॉरी सर," त्या हळूच म्हणाल्या. "सॉरी काहून मॅडम? सेकंड इयरला तुमच्या शीटवर मी याहून जास्त लाल केलं होतं," सर म्हणाले. वर्ग हसला. सरही हसले, पण ती शीट त्यांनी घडी न घालता, कडा जुळवत, फार वेळ घेऊन गुंडाळली. मी तेव्हा त्यांच्या हातांकडे बघत होते.

सर राहायचे धायरीला. सिंहगड रोडवरून आत वळलं की जिथे पूर्वी शेतं होती तिथे आता भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. समोरासमोर अकरा-अकरा खोल्या, वर पत्रा, मधे बोळ, टोकाला दोन नळ. जमीन होती नानांची, त्यांनी शेती बंद करून खोल्या बांधल्या. भाडेकरू बहुतेक वाशीम, यवतमाळ, अकोल्याकडचे, आसपासच्या कारखान्यांत कामाला. सरांची खोली सहा नंबरची. शहराच्या बाजूला बरा फ्लॅट मिळाला असता, पण सरांना इथे आपल्या बोलीचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी प्रबंधासाठीही हीच जागा घेतली. बावीस खोल्या, त्यातली प्रत्येक मोजायची, आतली प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथे काढायची. परातीपासून दप्तरापर्यंत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. दहा फुटी खोलीत चार माणसं राहतात ती दहा-दहा सेंटिमीटरच्या जोरावर. दार आणि खाट यांच्यामध्ये दहा सेंटिमीटर उरतात, तिथे केरसुणी राहते. खाट आणि भिंत यांच्यामध्ये दहा उरतात, तिथे मुलांची दप्तरं. सरकारी घरकुलांचे नकाशे काढणारे आकडे पूर्ण करताना हे दहा सेंटिमीटर गाळून टाकतात आणि मग त्या घरात माणूस मावत नाही. आम्ही स्मार्ट शहरांवर प्रबंध लिहीत होतो, त्यामुळे आम्हाला हे फारच किरकोळ वाटायचं.

मोजायला त्यांच्याकडे एक कापडी फीत होती, पहिल्या नोकरीपासूनची. तिच्या टोकाची पितळी कडी कधीतरी तुटली होती आणि त्यांनी दुसरी कडी शिवून लावली होती. त्या शिवणीत सुरुवातीचे आकडे वेडेवाकडे झाले होते, म्हणून टोक कधी शून्यावर धरायचं नाही. दहाच्या आकड्यावर अंगठा ठेवायचा आणि तो भिंतीला लावायचा. पलीकडे सर आकडा वाचणार आणि त्यातून दहा वजा करणार. "दहावर धरा," हे वाक्य ते दिवसातून चाळीस वेळा म्हणत. समोरचा "हो" म्हणाला की ते वाचून मोकळे. टोकापाशी जाऊन बघायचे नाहीत.

"सर, बघून घेत जा ना एकदा," मी म्हणाले होते.

"टोकावरच्या माणसावर भरोसा नाही तर माप घ्यायचंच कशाला?"

माझ्याकडे लेझर होतं. भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं, आकडा हजर. मी ते त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी कौतुकाने हातात घेतलं, दोनदा बटण दाबून पाहिलं आणि परत दिलं. "चांगलं हाय. पण याला दुसरं माणूस लागत नाही."

मला तेव्हा तो तंत्रज्ञानाबद्दलचा आकस वाटला. पुढे त्यांच्याबरोबर गेले तेव्हा कळलं. पुण्यात कुणी कुणाशी कारणाशिवाय बोलत नाही, पण "जरा टोक धरता का?" म्हटलं तर कुणीही धरतं. आणि फीत ताणलेली असते तोवर त्या माणसाला कुठे जाता येत नाही, मग तो बोलतो. सर दिवसभर कॉलेजात कुणाशी चार वाक्यं बोलत नसत. डबा एकटेच खायचे. आम्ही गटाने चहाला जायचो तेव्हा त्यांना विचारायचं की नाही या विचारात जिना उतरून झालेला असायचा. पण धायरीच्या बोळात फीत घेऊन फिरताना ते अर्धा-अर्धा तास गप्पा मारायचे. त्यांना एवढंच बोलणं मिळत होतं.

आणि प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे 'रेखाटन' आणि 'तपासणी' यांच्या चौकटी असतात, तिथे ते तिसरी चौकट काढायचे. 'टोक धरले.' पुढे नाव. आठचं टोक रेखा गवईनं, एकवीसचं नानांच्या सुनेनं, असं.

त्यांच्या स्वतःच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा सहा नंबरची शीट टेबलावर होती. तिसऱ्या चौकटीत लिहिलं होतं, 'खिळा'.

"हे काय सर?"

त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. जमिनीपासून वीतभर वर, कोपऱ्याला चिकटून एक खिळा ठोकलेला होता. फितीवर दहाच्या आकड्यावर त्यांनी सुईने भोक पाडलं होतं, ते खिळ्यात अडकवून ते एकटेच माप घ्यायचे. "माझ्या खोलीत टोक धरायला कोण हाय?" ते सहज म्हणाले आणि मला चहा विचारला.

त्या खोलीच्या भिंतीवर आणखी एक नकाशा होता, पेन्सिलीने काढलेला. त्यांच्या अमरावतीच्या घराचा. रोज संध्याकाळी सात वाजता ते मुलीला फोन करायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "आज घरात काय हललं?" ती सांगायची. दिवाण खिडकीखाली घेतला, फ्रिज या भिंतीवरून त्या भिंतीवर. सर खोडरबर घेऊन नकाशात तो बदल करायचे. त्यांचं लिहायचं टेबल पहिल्या वर्षी पुढच्या खोलीत होतं. मग ते मागच्या खोलीत गेलं, कारण मुलीची बारावी होती. मी गेले त्या दिवशी ते व्हरांड्यात होतं. खोडलेल्या जागा कागदावर मळकट दिसत होत्या. "तिला जागा लागते अभ्यासाला," ते म्हणाले. मी चहा चांगला झाल्याचं सांगितलं.

मार्चमधल्या एका रविवारी मी पूर्ण दिवस त्यांना मदत करायचं कबूल केलं. ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. नऊ ते तेरा नंबरच्या खोल्या आम्ही सकाळी केल्या. मग चौदा नंबरमध्ये रेखाताईंनी चहा दिला. रेखाताई वाशीमच्या, घरी शिलाई मशीनवर पिशव्या शिवायच्या. चहा पिताना माझ्या फोनवर हडपसरच्या एका मोठ्या ऑफिसातून मेसेज आला, मुलाखतीची वेळ विचारणारा. ही नोकरी मला हवीच होती. चहानंतर मी एका हाताने उत्तरं लिहीत होते आणि दुसऱ्या हातात टोक. एका हाताने दहाचा आकडा धरणं अवघड जात होतं, म्हणून मी बोट सरळ कडीत अडकवलं आणि कडी भिंतीला लावली. सर पलीकडून विचारायचे, "दहावर?" आणि मी म्हणायचे, "हो हो." चौदापासून अठरापर्यंत पाच खोल्या अशा झाल्या.

मला ते कळत होतं. कळत नव्हतं असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगितलं, पण कळत होतं. मी कडीवर धरलेलं आणि सर दहा वजा करणार, म्हणजे प्रत्येक माप दहा सेंटिमीटरने कमी भरणार. एक-दोन मापं झाल्यावर सांगायला लाज वाटली, मग आणखी झाली.

प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले असताना सर कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. ते कँटीनमध्ये येत नसत. त्यांच्या हातात चौदा नंबरची शीट होती.

"अनघा, रेखाची मशीन भिंतीत घुसून राहिली."

त्यांनी आदल्या दिवशी खाट आणि मशीन वेगवेगळी मोजून नकाशात काढली होती. खाट एकशे नव्वद, मशीन पंच्याऐंशी, मिळून दोनशे पंच्याहत्तर. नकाशात भिंत ते भिंत भरत होती दोनशे सत्तर. खोलीत मात्र दोन्ही वस्तू व्यवस्थित उभ्या होत्या, वर पाच सेंटिमीटरच्या फटीत रेखाताई कात्री ठेवायच्या. त्यांनी नकाशा पाहून विचारलं होतं म्हणे, "सर, माझी मशीन भिंतीत कशी गेली व?"

"त्या रविवारी टोक सगळीकडे दहावरच होतं नं? चहानंतर काही गडबड झाली असं आठवते का तुला?"

माझ्या चार शीट बाकी होत्या. हडपसरच्या नोकरीचं पत्र आलेलं होतं. मी म्हणाले, "दहावरच होतं, सर."

त्यांनी माझ्यावर क्षणभरही संशय घेतला नाही. "मग माझीच वजाबाकी चुकली," ते म्हणाले. "माझी चुकली म्हणजे कुठं कुठं चुकली कोणास ठाऊक. सगळ्या बावीस पुन्हा घ्याव्या लागतील."

मी खरं बोलले असते तर पाच खोल्या पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या. पाच खोल्या नऊ दिवसांत सहज झाल्या असत्या. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी गप्प बसले. यापेक्षा स्वतःबद्दल वाईट काही माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

कविता मॅडमनी त्यांना पोटतिडकीने समजावलं. मी स्टुडिओत होते. "सर, एकास पन्नासच्या स्केलला पाच सेंटिमीटर म्हणजे एक मिलिमीटर. पेनाची रेघ तेवढी असते. मशीन जरा लहान काढा. परीक्षक बघणारसुद्धा नाहीत. तुमची नोकरी आहे यावर."

"मॅडम, माझा प्रबंधच दहा सेंटिमीटरवर उभा हाय. तेच खोटे काढले तर उरलं काय?"

"सर, मी तुमच्या पाया पडते."

"पडू नका. सेकंड इयरला चुकीच्या मापाची शीट मी तुम्हाला पुन्हा काढायला लावली होती नं? रडल्या होत्या तुम्ही." मॅडमना हसूही येईना आणि रडूही.

शनिवारी येशील का, असं त्यांनी मला विचारलं. जमणार नाही असं मी म्हणाले, आणि मोठ्या उदारपणे माझं लेझर देऊ केलं. अर्धी मापं फितीची आणि अर्धी लेझरची एका कागदावर नकोत, असं म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. त्यांचा हा हट्ट मला चुकीचा वाटला होता, अजूनही वाटतो. लेझरने कदाचित वेळेत झालंही असतं. पण हा विचार मी स्वतःच्या सोयीसाठी करते हेही मला ठाऊक आहे.

बाया कामाला, पुरुष पाळीला. दिवसा बहुतेक खोल्यांना कुलपं. नाना किल्ल्या घेऊन दारं उघडून द्यायचे आणि सर एकटे आत. नाना मला नंतर म्हणाले, "मास्तर येडा हाय आमचा. भितीला खिळं मारून मारून दमला. म्हनलं, मी धरतो फीत, तर म्हनतो तुमचा गुडघा दुखतोय, बसा." नवव्या दिवशी त्यांच्या चौदा शीट झाल्या होत्या. तारीख गेली. आम्ही सगळ्यांनी प्रबंध दिले आणि एकत्र फोटो काढला. सर फोटोत नाहीत.

त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली, पण अमरावतीच्या कॉलेजला तो कागद चालला नाही. जुलैत त्यांच्या जागेवर दुसरा माणूस आला. हे मला कविता मॅडमनी फोनवर सांगितलं. मी तेव्हा हडपसरच्या ऑफिसात बाराव्या मजल्यावर बसून एका गृहप्रकल्पाची खोली दहा सेंटिमीटरने कमी करत होते, बिल्डरच्या सांगण्यावरून.

डिसेंबरात त्यांची तोंडी परीक्षा झाली. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. माफी मागायचीच असं ठरवलं होतं. पोहोचले तेव्हा परीक्षक निघून गेले होते आणि बावीस शीट कॉरिडॉरमध्ये फळ्यांवर लावलेल्या होत्या. उत्तम गुण मिळाले होते. परीक्षकांनी म्हणे प्रत्येक खोलीपुढे उभं राहून वेळ घेतला. मी एकेक शीट बघत गेले. सुंदर काम होतं. केरसुण्या, दप्तरं, पाण्याचे हंडे, देवाचा कोनाडा, सगळं जिथल्या तिथे.

मग माझी नजर कोपऱ्यातल्या चौकटींवर गेली. एक ते आठ, पूर्वीचीच नावं. सहाव्या शीटवर खिळा. नऊ ते तेरा: 'टोक धरले — अनघा.' चौदा: रेखा गवई. पंधरा: खिळा. सोळा: खिळा. सतरा, अठरा: खिळा. एकोणिसापासून पुढे पुन्हा पूर्वीचीच नावं.

म्हणजे बावीस खोल्या पुन्हा मोजल्यावर सतरा खोल्यांची मापं जुन्यांशी तंतोतंत जुळली होती आणि त्या शीट त्यांनी जुन्या नावांसकट तशाच ठेवल्या होत्या. चुकल्या होत्या फक्त पाच, चहानंतरच्या. वजाबाकी त्यांची कुठेच चुकली नव्हती. मे महिन्यातच त्यांना हे कळलं असणार. त्यानंतर ते मला दोनदा भेटले होते, नव्या नोकरीबद्दल अभिनंदनही केलं होतं.

सर कॉरिडॉरच्या टोकाला शीट उतरवत होते. बारीक झाले होते. मला पाहून हात वर केला. "ये बाई. ऑफिस कसं हाय?"

"सर, त्या रविवारी मी..."

"हो," ते म्हणाले. त्यापुढे त्यांनी मला बोलू दिलं नाही. "तीनची गाडी हाय माझी. या फळ्या बसच्या डिकीत मावते का ते पाहू. टोक धरते का जरा?"

त्यांनी खिशातून फीत काढली. मी कडी सोडून दहाच्या आकड्यावर अंगठा ठेवला, दाबून, नख पांढरं पडावं इतका, आणि फळीच्या कडेला लावला. दहाच्या आकड्यात खिळ्याचं भोक आता रुंद झालं होतं.

"दहावर?" त्यांनी पलीकडून विचारलं.

"हो सर. दहावर."

"एकशे अठ्ठावीस. म्हणजे एकशे अठरा." त्यांनी आकडा कागदावर लिहिला. मग फितीचं आपल्याकडचं टोक फळीवर तसंच ठेवलं, त्यावर पेन्सिल ठेवली आणि माझ्याकडे चालत आले. चष्मा कपाळावर घेतला, कमरेतून वाकले आणि माझ्या अंगठ्याखालचा आकडा नीट बघितला.

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि फीत गुंडाळायला लागले.